एक गोणी, एक टोपण

सोळा मे. न्हाणीघराच्या भिंतीचा फुगलेला गिलावा खरवडून नवा करून घ्यायचं काम आज काढलं. गवंडी सातला आला, कारण नांदेडच्या उन्हात अकरानंतर माल थापीवरच वाळतो. त्यानं वाळू-सिमेंट कोरडं कालवलं, मधे आळं केलं, आणि पाणी ओतायच्या आधी खिशातून कपडे धुण्याच्या पावडरीची पुडी काढून दातानं फाडली. मी चहाचं आधण तसंच सोडून बाहेर आले.

"हे काय टाकून राहिलास?"

"काय न्हाई मॅडम. मालात फेस धरतो. थापी लोण्यावानी पळते."

"किती टाकतोस?"

"किती म्हंजे? अंदाजानं."

मी पुडी त्याच्या हातातून काढून घेतली. माल रेताड लागतो, भिंत धरत नाही, बायामाणसांनी कशाला यात पडावं, असं तो दुपारपर्यंत कुरकुरत राहिला आणि काम मात्र चांगलं करून गेला. त्यानंतर मी दुकान उघडलं. माझं औषधाचं दुकान आहे. मे महिन्याच्या दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा वही काढून हे लिहायला घेतलं. बरीच वर्षं टाळत होते. त्यात फार काही नाही. एक टोपण आहे आणि एक बाई आहे.

माझे वडील महबूब मिस्त्री. आम्ही मूळचे अहमदपूरचे. पणजोबा चुन्याच्या घाण्यावर होते, आजोबांनी चुना आणि सिमेंट दोन्ही हाताळलं, अब्बा निव्वळ सिमेंटातले. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. आमच्या गल्लीत फळीवरची भांडी पडली, एका घराची भिंत तडकली, तेवढंच. अब्बा मात्र दुसऱ्याच दिवशी इतर मिस्त्र्यांबरोबर ट्रकमधून गेले, औशाच्या पलीकडे, जिथे गावंच्या गावं खाली बसली होती. नवव्या दिवशी परतले. अम्मीनं पाणी तापवून अंगणात आणून दिलं, त्यांनी बाहेरच अंघोळ केली आणि जेवताना एवढंच बोलले, "वाटोळे दगड, चिखल, आन् वरून हातभर मातीचं माळवद. दगडाला दगड कुठं चिकटलेलाच नव्हता. आत निस्ती हवा." त्यापलीकडे त्या नऊ दिवसांतलं काही त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. पण हवा ही त्यांची जन्माची वैरीण झाली, ती तेव्हापासून. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. पोकळ आवाज आला की तिथे टेकून बसायचे नाहीत. लोक हसायचे. खांब भरताना ते स्वतः लांब सळई घेऊन आतला माल ठोसत राहायचे, बुडबुडे वर येऊन फुटले की म्हणायचे, "निकल, बाहर निकल," जसं घरात शिरलेल्या मांजराला हाकलावं. घरात आम्ही दखनीच बोलायचो. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, एखादं वाक्य सोडून.

भूकंपानंतर बांधकामं लातूरला होती म्हणून आम्ही लातूरला आलो. दोन खोल्या, समोर न्हाणी, वर पत्रा. अम्मीनं भूकंपानंतर लावून घेतलेली एक सवय कधी सोडली नाही. झोपायच्या आधी ती पितळी तांब्यावर पेला पालथा घालून उंबऱ्याशी ठेवायची. जमीन हलली की पेला पडेल आणि आपण उठू. पेला पडायचा तो वाळूचे ट्रक गेल्यावर. आम्ही सगळे उठून बसायचो, अम्मी दोनदा कलमा म्हणायची, पेला परत ठेवायची. सकाळी ती अब्बांच्या डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगदाणे घातलेली अंबाडीची भाजी आणि एक अख्खा कांदा बांधायची. शुक्रवारी तहारी, म्हणजे हळद-मसाल्याचा भात. मला ती दुपारपर्यंत भूक लागू नये म्हणून रात्रीची भाकरी दुधात कुस्करून द्यायची, ती मला अजिबात आवडायची नाही, आणि मी रोज खायची.

कारण पहाटे साडेपाचला माझा क्लास सुरू व्हायचा. दहावीला मला गुण बरे पडले होते आणि लातुरात त्या काळी गुण बरे पडलेल्या मुलाला डॉक्टर होण्यावाचून दुसरा रस्ता कुणी दाखवत नसे. अंधारात सायकलींच्या घंट्या वाजत असायच्या. उमरी, देगलूर, अहमदपूर, कुठून कुठून मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन यायची आणि मिळेल त्या खोलीत चौघं-पाचजण राहायची. ज्याच्याकडे जागा होती तो होस्टेल बांधत होता. जिथे काल बाभळी होत्या तिथे आज मिक्सर फिरत होता. आमच्या घराला ते बरं होतं. अब्बांना वर्षभर काम असे. मी क्लासला घनता आणि दाब शिकायची, अब्बा त्याच वेळी चार गल्ल्या सोडून खांब भरत असायचे, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं आम्हा दोघांना कधी वाटलं नव्हतं.

तो संबंध लावून दिला नांदेडहून आलेल्या एका विक्रेत्यानं. इस्त्रीचा शर्ट, हातात तपकिरी पाण्याची एक लिटरची बाटली. तो थेट घरीच आला, अम्मीनं दिलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "मिस्त्री, हे घातलं की चुन्याचं काम विसरून जाल. माल मऊ पडतो, पाणी कमी लागतं, भेगा कमी. आत हवेचे बारीक बुडबुडे धरतं."

अब्बांनी बाटली खाली ठेवली. "काय धरतं?"

"हवा."

"साहेब, उभा जन्म मी हवा बाहेर काढून राहिलो. आन् तुम्ही ती बाटलीत भरून इकायला आणली?"

विक्रेता हसला, एक बाटली आणि इंग्रजीतला कागद ठेवून गेला. कागद वाचायचं काम माझं. मी तो दोन वेळा वाचला, मग सायकल उलटी करून अब्बांना मागच्या चाकाचा कणा दाखवला. आत छर्रे असतात, त्यांच्यावर चाक फिरतं. हे बुडबुडे तसे, मी सांगितलं; मोहरीपेक्षा बारीक, एकमेकांपासून सुटे, वाळूचे कण त्यांच्यावरून घसरतात म्हणून माल मऊ लागतो. सळईनं ठोसून आपण काढतो ती हवा वेगळी, ती मोठी आणि वेडीवाकडी अडकलेली.

अब्बा चाकाकडे बघत राहिले. "म्हंजे हवा दोन जातीची. एक बिनबुलाई, एक दावत देऊन आणलेली."

"हो. पण दावतीला किती बोलवायचं ते मोजून. जास्त झाली तर सिमेंटची ताकद कमी होते, असं लिहिलंय."

"किती लिहिलंय?"

कागदावर सिमेंटच्या वजनाच्या शेकड्यात माप होतं. अब्बा दहा गवंड्यांना शेकडा शिकवणार नव्हते. मी हिशेब केला, खोकल्याच्या औषधाबरोबर आलेलं प्लास्टिकचं छोटं माप घेतलं आणि त्यानं मोजून पाहिलं. एका गोणीला दोन मापं. बाटलीचं टोपण भरलं की बरोबर दोन मापं होत होती. मला फार आनंद झाला. मी पुठ्ठ्यावर खडूनं, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'एक गोणी, एक टोपण', आणि अब्बांनी तो पुठ्ठा कामावर नेऊन खिळ्यानं ठोकला. आधी गिलाव्यात वापरून पाहिलं. गवंडी खूश झाले. भेगा खरंच कमी पडल्या. अब्बा लोकांना सांगायला लागले की आमच्या शाहीननं इंग्रजी वाचून दवा बसवली. आता दुकानात मी प्रत्येकाला बजावते की ज्या बाटलीचं टोपण त्याच बाटलीच्या औषधाला. बायका हसून म्हणतात, ताई, तेवढं कळतं. मलाही तेवढं कळत होतं. लिहायचं राहिलं.

बिराजदार अण्णांचं होस्टेल हे अब्बांचं तोवरचं सगळ्यात मोठं काम. अण्णा देवणीकडचे शेतकरी, गावी जमीन आणि गोठा, लातुरात प्लॉट. मुलींचं होस्टेल बांधायचं ठरवून ते स्वतःच बांधकामाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत येऊन राहिले होते. पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकायचा तो दिवस म्हणजे लग्नाचा दिवस. सकाळी मिक्सरला हार, नारळ, मजुरांच्या कपाळाला कुंकू. दुपारी मालकाकडून जेवण. अण्णांच्या घरून हुग्गी आली होती, म्हणजे गुळातली गव्हाची खीर, आणि भजी, भात, आमटी. मीही क्लासहून तिकडेच गेले. काम मोठं म्हणून विक्रेत्यानं या वेळी बाटल्यांऐवजी वीस लिटरचा निळा कॅन पाठवला होता. दवा घालायचं काम गोदामावशीकडे होतं. ती उमरीकडची, नवऱ्याला सोडून आलेली, चाळिशीची. सगळ्या बायांत हिशेबाला पक्की म्हणून अब्बांनी हे नाजूक काम तिला दिलेलं. ती मिक्सरशेजारी पाटीवर बसून गोणीमागे एक टोपण, गोणीमागे एक टोपण, मोठ्यानं मोजत ओतत होती. मी आले तेव्हा मिक्सरमधून पडणारा माल कधी नव्हता इतका गुबगुबीत होता, कडेला करडा फेस.

"शाहीन, बग गं माय," गोदामावशी ओरडली, "तुझ्या दव्यानं सिमिटाला दिवस गेले! फुगतंय निस्तं."

घमेली घेतलेल्या बाया हसून वाकल्या. एक म्हणाली, "बाप कोन म्हनायचा?" आणि गोदामावशीनं टोपणानं जेवायला आलेल्या विक्रेत्याच्या मोटारसायकलीच्या दिशेनं खूण केली. अब्बांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

चारच्या सुमाराला स्लॅब भरून झाला आणि आठ गोण्या उरल्या. काँक्रीटच्या कामात असं होत नाही. शेवटच्या कोपऱ्याला माल कमी पडतो, कुणीतरी टेम्पो घेऊन दोन गोण्या आणायला पळतं, हेच नेहमीचं. अण्णा गोण्यांपाशी उभे राहिले.

"मिस्त्री, मोजायला चुकलात का काय?"

"न्हाई अण्णा. गोणीमागं वाळू तेवढीच, गिट्टी तेवढीच. माल वाढला." अब्बांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "बरकत झाली."

अण्णांनीही हात जोडले. "तुमच्या हाताला हाय ती." मजुरांनी उरलेली हुग्गी वाटून खाल्ली. घरी येऊन अब्बांनी अम्मीला तीनदा सांगितलं की आठ गोण्या उरल्या, आणि अम्मीनं दर वेळी माशाल्ला म्हटलं. वाढलेल्या धान्याला, न संपणाऱ्या भाताच्या पातेल्याला आमच्याकडे बरकत म्हणतात आणि तिची मोजदाद करत नाहीत. मोजलं की ती जाते. मीही मोजली नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी क्लासमध्ये सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "वस्तुमान तेवढंच, आकारमान वाढलं, तर घनता?" आणि आम्ही दोनशे मुलं एका आवाजात ओरडलो, "कमी!" रोजच असं ओरडायचो. पण त्या दिवशी ओरडून झाल्यावर मला पुढचं गणित दिसेना. गोणीमागे वाळू, गिट्टी नेहमीएवढीच, आणि सिमेंट तर आठ गोण्या कमी. मग आठ गोण्यांची जागा कशानं भरली? मी तास सुटायची वाट पाहिली नाही.

गोदामावशी स्लॅबवर आळी करून साठवलेल्या पाण्यात उभी राहून पाणी फिरवत होती. मी खालूनच विचारलं, "मावशी, दवा कंच्या टोपणानं घातली?"

"टोपणानंच घातली की. हे बग." तिनं कमरेच्या पिशवीतून कॅनचं पिवळं झाकण काढून दाखवलं. माझ्या मुठीएवढं होतं. "सांबाळून ठिवलंय, पुढच्या सलाबाला. का गं? कमी पडली का?"

मी ते मागून घेतलं आणि घरी येऊन खोकल्याच्या मापानं पाणी मोजलं. साडेआठ. दोनच्या जागी साडेआठ मापं, प्रत्येक गोणीला. अम्मी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, तब्येत बिघडली का. मी हो म्हटलं.

अब्बा संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांच्यापुढे झाकण ठेवलं आणि सांगितलं. ते आधी चिडले. बरकतीला असं नावं ठेवू नये म्हणाले. मग झाकण हातात घेऊन बोटानं आतून फिरवलं, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते आणि मी साइटवर गेलो. अब्बांनी स्लॅबची मागची कड हातोडीनं मारली. टणक काँक्रीटवर हातोडी वाजते. इथे ती आत बसली. निघालेला तुकडा त्यांनी अंगठ्यानं चोळला तर कड भुरभुरत खाली पडली. उजेडाकडे धरला तर आत बारीक बारीक भोकं, मोजता येणार नाहीत इतकी.

"मी सलाब न्हाई टाकला," अब्बा म्हणाले. "मी पाव भाजला."

आणि मग तीन दिवस त्यांनी हे बाहेर कुणालाच सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. त्यांनी स्लॅबखाली टेकूच्या आणखी बल्ल्या लावल्या, दिवसातून दोनदा पाणी जास्त मारलं. सिमेंट दिवसागणिक कडक होत जातं, हे ते अम्मीला ऐकवायचे, म्हणजे मला. अम्मी त्यांच्या बाजूची होती. "घर की बात घर में रहने दे," ती मला म्हणाली. "सलाब पाडणाऱ्या मिस्त्रीला कोण बोलवतं?" मी तिला सांगितलं की त्याच्याखाली चाळीस मुली झोपणार आहेत. ती म्हणाली, "तेच तर मी रोज दुआ करते." बल्ल्या काढायचा दिवस सोमवार ठरला होता. रविवारी दुपारी मी अब्बांना म्हटलं, आज तुम्ही सांगा, नाहीतर मी जाऊन सांगते. त्यांनी डोळे वर केले. मारतील असं वाटलं. त्यांनी मला कधीच मारलं नव्हतं.

"तूच बोलली होतीस, एक टोपण."

"हो."

"मग चल. तो कागद घे. वाचून तूच सांग."

अण्णा पत्र्याच्या खोलीबाहेर बाजेवर बसले होते. मी कागदातलं मराठी करून वाचलं, अब्बांनी तुकडा दाखवला. अण्णांनी त्यांच्या इंजिनिअरला बोलावून घेतलं. त्यानं चार ठिकाणी हातोडी मारली आणि म्हणाला की वजन ठेवून चाचणी घेता येईल, कदाचित टिकेलही. अण्णांनी त्याला हातानंच थांबवलं. "कदाचित म्हनू नका. माझ्या गोठ्यावरचा सलाब असता तर म्हनलो असतो, राहू द्या. जनावर हंबरून बाहेर तरी पळतं. दमलेली लेकरं उठत न्हाईत, सायेब." मग थोडं थांबून अब्बांना म्हणाले, "पाडा. उद्यापासून. आता एक सांगा मिस्त्री, हे केलं कुनी?"

बाया काम आवरून हातपाय धूत होत्या. गोदामावशी दहा पावलांवर होती. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

"गोदानं. टोपण चुकलं तिचं."

गोदामावशी ओल्या हातांनी उभी राहिली. "मी? मिस्त्री, पुठ्ठ्यावर जे लिव्हलं ते तुमीच तर मला वाचून..." इतकं बोलून ती थांबली, कारण अण्णांनी तोंड फिरवलं होतं. "ही बाई उद्या कामावर दिसू नये," ते म्हणाले. तिनं घमेलं पालथं ठेवलं, पदर झटकला, आणि माझ्याकडे बघत गेली. कागद माझ्या हातात होता. मी काही बोलले नाही. सतरा वर्षांची होते, परीक्षा जवळ होती, बाप शेजारी उभा होता. ही कारणं मी पुष्कळ वेळा मांडून पाहिली आहेत.

घरी अम्मीनं तहारी केली होती, शुक्रवार नसताना. अब्बा जेवताना म्हणाले, तिला दुसरीकडे काम लागेल, बायांना कामाचा काय तोटा. आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुझं नाव घेतलं असतं तर उद्या सगळं लातूर बोललं असतं, महबूब मिस्त्री पोरीला इचारून सलाब टाकतो." त्यांनी त्या दिवशी मला वाचवलं की स्वतःला, हे मी आजवर ठरवू शकले नाही. ते आता नाहीत, विचारता येत नाही. जिवंत होते तेव्हाही विचारलं नसतं. एक मात्र खरं, की मुली त्या छताखाली झोपल्या नाहीत, आणि ते अब्बा स्वतःच्या पायानं अण्णांकडे गेले, स्वतःच्या हातानं तो तुकडा दाखवला म्हणून. हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर घेऊन निघाले आणि क्लासवरून पुढे मजुरांच्या नाक्यावर गेले. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, सगळ्यांच्या हातात डबे. मिस्त्री आणि ठेकेदार येऊन माणसं निवडून नेतात. गोदामावशी बायांच्या अगदी टोकाला उभी होती. एक मिस्त्री टेम्पोतून उतरला, बोटानं बाया मोजत तिच्यापर्यंत आला आणि थबकला. "ही टोपणवाली न्हाई का?" तो हसत म्हणाला. "नगं बाबा. आमचं बी फुगवून ठिवशील." पुरुषांच्या रांगेतही हशा पिकला. एका रात्रीत नाव पडलं होतं.

मी सायकल उभी केली. गोदामावशी मला बघून म्हणाली, "कामून आलीस हितं? जा. कलास बुडंल तुझा."

"काका," मी त्या मिस्त्रीला म्हटलं, आणि माझा आवाज क्लासमध्ये ओरडतात तसा मोठा निघाला, "माप मी ठरवलं होतं. एक टोपण मी लिहिलं. बाटलीचं की कॅनचं ते लिहिलं नाही. गोदामावशीनं लिहिलं तसंच घातलं."

त्यानं मला ओळखलं. "महबूबभाईची न्हवं का तू? आन् तुझा बाप काय करून राहिला होता?"

"अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी मला विचारलं होतं."

तो टेम्पोकडे वळला. इतर बाया घेऊन गेला. दुसरा आला, त्यालाही मी तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मग तिसरा. एकानं मला घरी जायला सांगितलं, एकानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गोदामावशी माझ्या शेजारीच होती. एकदा तिनं माझा दंड धरून मागे ओढलं, मग सोडून दिलं. पहिला तास संपल्याची वेळ होऊन गेली. ऊन पायांवर आलं. नाका निम्मा रिकामा झाला तेव्हा अब्बा आले, घण आणि पहारी लादलेल्या हातगाडीबरोबर चालत, स्लॅब फोडायला माणसं न्यायला. त्यांनी आधी गोदामावशीला पाहिलं आणि मग मला. नाक्यावरची माणसं वळून बघायला लागली.

मी त्यांनाही तेच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, शब्द न बदलता.